दाणा बदलला की स्वभाव बदलतो!

नोबेल मिळालेली ‘जादूची पावडर’ मराठवाड्याच्या कामाची आहे का? उत्तर फॉर्म्युल्यात कमी आणि दाण्यात जास्त आहे.

वडीगोद्री हे नाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? बहुतेक जून 2024 मध्ये, टीव्हीवर. ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके यांचं उपोषण इथंच झालं होतं. जवळच्याच आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण. अंबड तालुक्यातल्या या पट्ट्यात त्या काळात देशभरातल्या चॅनलांच्या गाड्या उभ्या होत्या. मागण्या वेगळ्या, घोषणा वेगळ्या. पण दोन्ही मंडपांत बसलेल्या पोरांना बाजूला घेऊन विचारलं असतं, तर दोन वाक्यं सारखीच ऐकू आली असती. शेतीला पाण्याचा भरवसा नाही, आणि शिकून नोकरीचा भरवसा नाही.

आता दुसरी बातमी. 8 ऑक्टोबर 2025 ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जपानच्या क्योटो विद्यापीठाचे सुसुमु किटागावा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉब्सन आणि अमेरिकेत बर्कलेला असलेले ओमर याघी. विषय, मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. थोडक्यात ‘मॉफ’. यातलं एक वाक्य सगळ्यांनी उचललं: वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी काढणारा पदार्थ. झालं! पाणी म्हटलं की आपले कान टवकारणारच. याघींची गोष्टही तशीच आहे. अम्मानमधल्या निर्वासित कुटुंबात ते वाढले, तिथं नळाला रोज पाणी यायचं नाही. जालन्याच्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

मग प्रश्न सरळ आहे. ही पावडर वडीगोद्रीच्या कामाची आहे का? पाण्यासाठी असेल, नाहीतर दुसऱ्या कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक अशी गोष्ट समोर येते, जी नोबेलच्या बातम्यांमध्ये जवळपास कुठेच नव्हती. एकच पदार्थ, तोच फॉर्म्युला, तीच रचना. पण त्याचे कण मोठे असले तर तो एक वागतो आणि बारीक असले तर भलतंच वागतो. हे नीट कळलं, तर पुढच्या पाच-दहा वर्षांत तुमच्या गावात ‘नोबेलवालं मशीन’ विकायला कुणी आला, तर त्याला काय विचारायचं हे तुम्हाला कळेल. आणि कदाचित करिअर कुठं आहे, हेही.

आधी मॉफ म्हणजे काय?

घराचा सांगाडा डोळ्यासमोर आणा. कोपऱ्यांवर खांब आणि खांबांना जोडणारे बीम. मॉफमध्ये खांबांच्या जागी धातूचे आयन असतात: तांबं, जस्त, निकेल, ॲल्युमिनियम असे. बीमच्या जागी कार्बनचे लांबट रेणू. असं बांधकाम तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा होत गेलं की स्फटिक तयार होतो. त्यात भिंती कमी आणि खोल्या जास्त. या रिकाम्या खोल्यांमध्ये वायूचे, पाण्याचे रेणू येऊन बसतात.

खोल्या किती? याघींच्या गटाने 1999 मध्ये मॉफ-5 हा पदार्थ जगासमोर आणला. त्याच्या एका ग्रॅममधल्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर साधारण 3000 चौरस मीटर जागा लागेल. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळपास 30 गुंठे. म्हणजे चिमूटभर पावडरीत पाऊण एकर रान!

बहुतेक मॉफ सिमेंटच्या घरासारखे ताठ असतात. पण किटागावांनी 1998 च्या सुमारास एक वेगळी शक्यता मांडली. सांगाडा लवचिक असला तर? रिकामा असताना मिटलेला, पाहुणा रेणू आला की उघडणारा. पुढे असे पदार्थ खरोखर सापडले. फ्रान्समध्ये जेरार फेरे यांच्या गटाने बनवलेला एमआयएल-53 हा त्यातला प्रसिद्ध. त्याच्या खोल्या उघडमीट करतात, म्हणून त्याला ‘श्वास घेणारा’ पदार्थ म्हणतात.

लवचिक असण्याचा फायदा काय? ताठ मॉफमध्ये वायू पहिल्यापासून हळूहळू भरत जातो. लवचिक मॉफ मात्र कालव्याच्या गेटसारखा. दाब वाढतोय, वाढतोय, आत काहीच जात नाही. एका ठरावीक दाबाला गेट उघडतं आणि वायू एकदम आत घुसतो. दाब थोडा कमी केला की गेट बंद होतं आणि आतला वायू बाहेर. म्हणजे भरायला सोपं, रिकामं करायलाही सोपं. उद्योगाला हेच हवं असतं, कारण पकडलेला वायू पुन्हा बाहेर काढण्यातच सगळी वीज खर्च होते.

मास बंकचं शास्त्र

आता मुद्द्यावर येऊ. हे गेट कधी उघडणार, किती पटकन उघडणार आणि मुळात उघडणार की नाही, हे कणाच्या आकारावर अवलंबून असतं.

2013 मध्ये किटागावा आणि शुहेई फुरुकावा यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. तांब्याचा एक लवचिक मॉफ. मोठे स्फटिक नेहमीसारखे वागायचे: पाहुणा रेणू आत असताना उघडे, पाहुणा गेला की मिटलेले. मग त्यांनी त्याच पदार्थाचे अतिशय बारीक स्फटिक केले, काही दशक नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या बारीक स्फटिकांमधून पाहुणे बाहेर काढले, तरी खोल्या उघड्याच राहिल्या! तापवल्यावर त्या मिटल्या. पुन्हा पाहुणे दिले की पुन्हा उघडल्या आणि उघड्याच राहिल्या. म्हणजे दाणा बारीक केल्यावर पदार्थाला जणू आपला आकार ‘लक्षात’ राहायला लागला.

जर्मनीत ड्रेस्डेनला स्टेफान कास्केल यांच्या गटाने निकेलच्या एका मॉफमध्ये असंच पाहिलं. नाव डीयूटी-8. मायक्रॉनपेक्षा मोठे स्फटिक लवचिक, पाहुणे काढले की मिटणारे. अर्ध्या मायक्रॉनपेक्षा लहान केले की उघडेच राहणारे, ताठ. आपल्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते, म्हणजे डोळ्याला दोन्ही पावडरी सारख्याच दिसणार. बाटलीवरचं लेबलही एकच. पण आतला स्वभाव उलटा.

याच गटाचा डीयूटी-49 तर आणखी भन्नाट. 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की बाहेरचा दाब वाढत असताना हा पदार्थ एका टप्प्यावर आणखी वायू घेण्याऐवजी आतला वायू बाहेर फेकतो. चक्क ढेकर देतो! पुढे कळलं की हा ढेकर फक्त मोठे स्फटिकच देतात. साधारण एक मायक्रॉनच्या खाली गेलं की ढेकर बंद.

असं का होतं? कॉलेजच्या भाषेत सांगते. 120 जणांचा वर्ग आहे आणि लेक्चर कंटाळवाणं. प्रत्येकाला उठून जायचंय, पण पहिलं कोण उठणार? मागच्या बाकावरचा एक जण बॅग उचलतो, शेजारचा उठतो, मग रांग, मग सगळा वर्ग. झाला मास बंक. 120 जणांमागे एकच धाडसी पुरला. आता हेच 120 जण सहा-सहाच्या 20 ट्यूशन बॅचमध्ये वाटून टाका. प्रत्येक बॅचला स्वतःचा ‘पहिला’ लागणार. काही बॅच उठतील, काही उशिरा उठतील, काही बसूनच राहतील. मुलं तीच, मूड तोच. गटाचा आकार बदलला आणि निकाल बदलला.

स्फटिकात अगदी असंच घडतं. मिटलेल्यातून उघड्या अवस्थेत जायला कुठंतरी एका कोपऱ्यात नव्या अवस्थेचं बीज पडावं लागतं. मोठ्या स्फटिकात असं बीज पडायच्या जागा भरपूर असतात. छोट्या भेगा, रचनेतल्या चुका, कोपरे. एकदा बीज पडलं की लाट सगळ्या स्फटिकात पसरते. बारीक स्फटिकात प्रत्येक कणाला स्वतःचं बीज स्वतःच पाडावं लागतं. म्हणून गेट उघडायला जास्त दाब लागतो किंवा ते उघडतच नाही. आणि हा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो: उघडा असलेला बारीक कण मिटायलाही तयार नसतो. ज्या अवस्थेत आहे, तिथंच तो अडकून राहतो. क्योटोच्या प्रयोगात उष्णता दिल्यावर तो मिटला, कारण उष्णतेने त्याला तो पहिला धक्का दिला.

दुसरं कारण पृष्ठभागाचं. साधा हिशेब करू. एक घन घ्या, ज्याच्या प्रत्येक कडेवर 1000 खोल्या आहेत. त्यातल्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्या किती? सुमारे 0.6 टक्के. आता कडेवर फक्त 50 खोल्या असलेला घन घ्या. बाहेरच्या खोल्या जवळपास साडेअकरा टक्के! बाहेरच्या खोलीचं जगणं वेगळं असतं. तिला एका बाजूने शेजारी नाही, तिच्या टोकाला दुसरेच रेणू चिकटलेले असतात. कण बारीक होत जातो, तसं या ‘बाहेरच्यांचं’ मत जास्त चालायला लागतं.

एक सावधगिरी. ‘अमुक मायक्रॉनच्या खाली सगळे मॉफ ताठ होतात’ असं एक सूत्र नाही. क्योटोच्या तांब्याच्या मॉफमध्ये सीमा काही दशक नॅनोमीटरवर होती, ड्रेस्डेनच्या निकेलमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. प्रत्येक पदार्थाची रेषा वेगळी, ती मोजूनच शोधावी लागते.

पुण्याचा धागा

हे सगळं क्योटो-ड्रेस्डेनचं कौतुक वाटत असेल, तर थोडं पुण्यात या. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांचा गट मॉफवर काम करतो. घोष यांनी त्याआधी क्योटोत किटागावांच्याच सोबत ‘मऊ’ म्हणजे बदलणाऱ्या स्फटिकांवर संशोधन केलं आहे. 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये याघींच्या गटाचा एक गाजलेला शोधनिबंध आला. जस्त-कोबाल्टच्या झेडआयएफ नावाच्या कुटुंबातले एकापाठोपाठ एक नवे पदार्थ आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड पकडणं. त्याचे पहिले लेखक होते राहुल बॅनर्जी. तिथून ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये आले आणि काही वर्षं तिथं त्यांनी गट चालवला.

झेडआयएफ कुटुंबातला झेडआयएफ-8 हा आज जगात सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या मॉफपैकी एक. तो थोडासाच लवचिक आहे: त्याच्या खिडक्यांची झडप फिरते. पण त्याच्यातही हेच दिसलं. अतिथंड तापमानाला नायट्रोजन आत सोडताना कण जितके बारीक, तितका झडप फिरायला दाब जास्त.

म्हणजे नोबेल जाहीर झालं तेव्हा आपल्या राज्यात या विषयाची माणसं आधीपासून होती. बातम्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, एवढंच.

साखर कारखान्याला हे आधीच माहीत आहे

दाण्याचा आकार महत्त्वाचा असतो, हे अंबड-घनसावंगी पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वडीगोद्रीजवळ अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या साखरेचं रासायनिक नाव एकच, सुक्रोज. पण बाजारात ‘एस-30’चा भाव वेगळा आणि ‘एम-30’चा वेगळा. फरक कशाचा? दाण्याचा. एस म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम.

हा दाणा ठरतो कुठं? पॅनमध्ये. रस आटवून घट्ट झाल्यावर त्यात बारीक साखरेचं बी सोडतात. बी जास्त पडलं तर दाणे असंख्य आणि बारीक. बी मोजकं ठेवून दाणा हळूहळू वाढू दिला तर मोठा. ज्याचा हात त्यात बसलाय, तो पॅनवरचा माणूस कारखान्यासाठी सोन्यासारखा.

मॉफ बनवणारे केमिस्टही हेच करतात, फक्त दुसऱ्या भांड्यात. तापमान, ढवळण्याचा वेग, द्रावण किती घट्ट आणि ‘मॉड्युलेटर’ नावाचा एक मध्यस्थ, उदाहरणार्थ ॲसिटिक ॲसिड. हा मध्यस्थ धातू आणि रेणूच्या जोडणीत लुडबूड करून स्फटिकाची वाढ आवरतो किंवा लांबवतो. त्यातून दाणा हवा तसा मिळवता येतो. साखरेत दाणा चुकला तर भाव पडतो. लवचिक मॉफमध्ये दाणा चुकला तर पदार्थाचं काम करणंच बंद होतं.

मग पाण्याचं काय?

आता ज्या गोष्टीची सगळ्यांना उत्सुकता आहे, ती बघू. हवेतून पाणी.

इथं बातम्यांमध्ये मोठी गल्लत झाली. पाणी पकडण्यासाठी ज्यांची नावं घेतली जातात ते मॉफ-801 आणि मॉफ-303 हे मुख्यतः ताठ मॉफ आहेत. किटागावांचे लवचिक मॉफ आणि याघींचे पाणी पकडणारे मॉफ एकाच नोबेलमध्ये आले, म्हणून ते एकच आहेत असं नाही. ताठ मॉफमध्ये दाण्याचा परिणाम गेटवर होत नाही, वेगावर होतो. कण बारीक तर पाणी पटकन आत जातं आणि पटकन बाहेर येतं.

आकडा बघा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात मॉफ-303 चं यंत्र चालवून पाहिलं. एक किलो पदार्थामागे दिवसाला 0.7 लिटर पाणी मिळालं. विज्ञान म्हणून हे अफाट आहे, कारण तिथली हवा हाडं वाळवणारी असते. पण आपला हिशेब आपण करू. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर. या दराने एका माणसासाठी जवळपास 79 किलो मॉफ लागेल. 10 हजार लिटरचा एक टँकर रोज भरायचा असेल तर 14 टनांच्या पुढे. आणि हे फक्त पिण्या-वापरण्याचं. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. त्या बागा या पावडरीने जगल्या नसत्या.

याचा अर्थ तंत्र बिनकामाचं, असा नाही. दुर्गम वस्ती, दवाखाना, आपत्तीच्या वेळचं पिण्याचं पाणी यासाठी ते उद्या उपयोगी पडू शकतं. पदार्थ सुधारतील, दर वाढतील. पण ‘दुष्काळ संपला’ म्हणणारा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवण्याआधी 79 किलो आठवा. वडीगोद्रीला पाणी जायकवाडीच्या डाव्या कालव्यातूनच येणार आहे. 208 किलोमीटरच्या त्या कालव्याची दुरुस्ती, पाळी आणि वरच्या धरणांतून येणारं पाणी हे प्रश्न कुठल्याही नोबेलने सुटणार नाहीत. त्यासाठी भांडावंच लागेल.

खरी संधी गॅसमध्ये?

लवचिक मॉफचा या पट्ट्याशी खरा संबंध जुळू शकतो तो वेगळ्याच ठिकाणी.

साखर कारखान्यात रस गाळल्यावर प्रेसमड उरतो. तो कुजवला की बायोगॅस मिळतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सतत’ योजना आणली, तेव्हापासून अशा गॅसपासून सीबीजी, म्हणजे गाड्यांत भरता येईल असा दाबलेला बायोगॅस बनवण्यावर जोर आहे. अडचण अशी की कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन 55-60 टक्क्यांच्या आसपास असतो. बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. सीबीजीसाठी मिथेन किमान 90 टक्के लागतो. म्हणजे मधला कार्बन डायऑक्साइड उपसून काढायचा. या टप्प्यावर वीज लागते, पैसा लागतो आणि छोट्या प्रकल्पाचं गणित इथंच बिघडू शकतं.

आणि लवचिक मॉफची ताकद नेमकी इथंच आहे. ओलसर एमआयएल-53 वरच्या प्रयोगांत दिसलं होतं की कार्बन डायऑक्साइड गेट उघडून आत जातो, मिथेनला मात्र ते गेट उघडता येत नाही. वेगळं करायचं काम गेटच करतं! शिवाय वायू आत बसताना उष्णता बाहेर पडते आणि सांगाडा उघडायला ऊर्जा लागते. त्यामुळे यातली काही उष्णता तिथंच जिरते, टाकी कमी तापते.

मग आजच का लावत नाही? कारण प्रयोगशाळेतला ग्रॅमभर पदार्थ आणि कारखान्यातली टनभर टाकी यांच्यामध्ये पुन्हा तोच दाणा उभा आहे.

एक साधा प्रयोग कल्पनेत करा. एका नळीत रवा भरा, दुसरीत पिठी. दोन्हींत फुंकर मारा. रव्यातून हवा जाते, पिठीत अडकते. मोठ्या टाकीत बारीक पावडर भरली तर गॅस पुढे ढकलायलाच पंपाची शक्ती खर्च होते. म्हणून पावडर दाबून, चिकटवून तिच्या गोळ्या कराव्या लागतात. पण लवचिक मॉफ दाबला तर? स्फटिक तुटतात, दाणा बारीक होतो, आणि वर पाहिलं तसं गेटच जाम होऊ शकतं. शिवाय चिकटवलेल्या गोळीत कणाला फुगायला जागा हवी, नाहीतर दर फेरीला गोळी थोडी थोडी भुगा होणार. मोठे स्फटिक ठेवावेत तर गॅस आत-बाहेर व्हायला वेळ लागतो. बारीक केले तर वेग मिळतो, पण लवचिकता जाऊ शकते. शिवाय बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा त्रास देणार, तो वेगळाच.

हे सुटणारच नाही असं नाही. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझु यांच्या गटातून निघालेला काल्फ-20 हा जस्ताचा मॉफ आज बीएएसएफ कंपनी टनांनी बनवते, आणि सिमेंट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी तो वापरून पाहिला गेला. पण तो निवडला गेला तो सर्वात चमत्कारिक होता म्हणून नाही. तो स्वस्तात बनतो, ओलाव्यात टिकतो आणि दर वेळी सारखाच वागतो. लवचिक मॉफना अजून याच परीक्षेत बसायचंय: दर पोत्यातला दाणा सारखा, म्हणून दर पोत्याचं वागणं सारखं.

यात तुमचं काय?

आता करिअरचा मुद्दा. नोबेल आलं की आपण म्हणतो, ‘भारताला का नाही मिळत?’ भारत संशोधनावर जीडीपीच्या सुमारे 0.64 टक्के खर्च करतो. 2025 मध्ये केंद्राने संशोधन आणि नवकल्पनांसाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. त्याचा भर खासगी क्षेत्राने प्रयोगशाळेतलं तंत्र बाजारापर्यंत नेण्यावर आहे. आयआयटी मुंबईत आणि बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात कार्बन पकडण्याच्या संशोधनाची राष्ट्रीय केंद्रं आहेत.

हा सगळा पैसा आणि चर्चा ज्या टप्प्याची आहे, तो टप्पा नवीन मॉफ शोधण्याचा नाही. जगात हजारो मॉफ आधीच शोधून झालेत. कमी पडतात ती माणसं, जी शोधलेल्या पदार्थाचा दाणा सांभाळून तो टनाने बनवू शकतात. म्हणजे आपले ‘पॅनमन’, फक्त नव्या पदार्थाचे. स्फटिकीकरण, कण मोजणं, गोळी बनवणं, हजार फेऱ्या चालवून पदार्थ टिकतो का ते बघणं. ही कामं ग्लॅमरस नाहीत. यावर नोबेल मिळत नाही. पण पगार मिळतो, आणि कारखाना उभा राहतो.

आणि यासाठी परदेश किंवा थेट पुणे गाठावं लागेल असंही नाही. मुंबईच्या आयसीटीचा मराठवाडा कॅम्पस 2018 पासून जालन्यातच आहे. वडीगोद्रीहून अंबडमार्गे जालना गाठता येतं. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात रसायनशास्त्र विभाग आहे. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, त्यांच्या धुराड्यांचाही कार्बनचा प्रश्न उद्या येणारच आहे. ऊस आहे, प्रेसमड आहे, प्रश्न आहे, कॉलेज आहे. या चौघांची ओळख करून द्यायचं काम तेवढं बाकी आहे.

तोवर एवढं करा. मॉफच्या नावाने कुणी यंत्र, योजना किंवा स्टार्टअप घेऊन आला तर त्याला तीन प्रश्न विचारा.

एक: आकडा ग्रॅमवर मोजलाय की किलोवर? आणि कोणत्या हवेत, कोणत्या दाबाला?

दोन: चाचणी पावडरची केली की गोळीची? दोन्हींत दाणा किती मायक्रॉनचा होता?

तीन: किती फेऱ्यांनंतर मोजलं? पहिल्या फेरीला सगळेच टॉपर असतात.

पीएचडी नसली तरी हे विचारता येतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगीही ग्रामसभेत उभी राहून विचारू शकते. समोरच्याला उत्तर देता आलं, तर त्याचं ऐकून घ्या, आपल्याला अशा तंत्राची गरज आहेच. नाही देता आलं, तर ग्रामपंचायतीचा पैसा वाचला समजा.

आणि तुम्ही स्वतः केमिस्ट्री, केमिकल इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सला असाल, तर फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी गाइडकडे एवढंच मागा: एकच पदार्थ, तीन वेगवेगळ्या दाण्यांचा. तुरटी घ्या, मोरचूद घ्या, साखर घ्या, काहीही चालेल. ढवळणं बदला, थंड करण्याचा वेग बदला, बी बदला आणि दाणा मोजा. क्योटोतही सुरुवात अशाच प्रश्नाने झाली होती: हाच पदार्थ आणखी बारीक केला तर काय होईल?